लायपोसोम ट्यूमरमध्ये चमकतो, पण औषध मोजलं तर नगण्य. विश्वास कशावर ठेवायचा?

लायपो_नवखा

पेगचं (पॉलिइथिलीन ग्लायकोल) आवरण असलेल्या लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिडाच्या पडद्याच्या सूक्ष्म पिशवीत, अमोनियम सल्फेट ग्रेडियंटने (आत-बाहेरच्या प्रमाणातल्या फरकाने) डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध भरण्याचं काम चालू आहे. लिपिडं एचएसपीसी (फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल आणि डीएसपीई-पेग२०००, मोलर प्रमाण ५६:३८:५. आकार ९५ नॅमी (नॅनोमीटर), पीडीआय (आकारातली विषमता) ०.०८, म्हणजे कण चांगले बनतायत. अडचणी दोन.

पहिली: औषधाचं भरण ६०-६५ टक्क्यांच्या वर जात नाही. बाहेरचा बफर पीबीएस (फॉस्फेट आणि मीठ असलेला), पीएच ७.४. भरणाचं तापमान ५० अंश, वेळ एक तास. औषध आणि लिपिडाचं वजनी प्रमाण १:८. भरण प्लेट रीडरवर फ्लुरोसन्सने मोजतो.

दुसरी अडचण जास्त छळतेय. मागोवा घेण्यासाठी लिपिडात २ मोल टक्के डीआयआर हा चमकणारा रंग घातलाय. उंदरांमध्ये ४८ तासांनी ट्यूमर झगझगीत दिसतो, २४ तासांपेक्षाही जास्त. पण तोच ट्यूमर दळून, अॅसिटोनायट्राइलने प्रथिनं खाली बसवून एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, थोडक्यात एलसी) औषध मोजलं, तर अगदी थोडं मिळतं. चित्र खरं की आकडा? आणि दोन्ही एकाच वेळी नीट मोजायचे तर काय लावावं: रंग, लोह, की किरणोत्सारी लेबल?

---

उलटी_गाळणी

भरणापुरतं मी लिहितो, मागोव्याचं बाकीचे सांगतील.

पीबीएस आधी काढा. ७.४ पीएचला, फॉस्फेट आणि क्लोराइडच्या सान्निध्यात, वर उष्णता दिली की डॉक्सोरुबिसिनचे रेणू एकमेकांवर रचले जातात आणि साका धरतो. शिवाय त्या पीएचला गरम अवस्थेत औषधाचं विघटनही होतं. बाहेर १० टक्के सुक्रोज आणि १० मिलीमोलर हिस्टिडीन, पीएच ६.५ ठेवा. औषधही सलाइनमध्ये विरघळवू नका. पाण्यात किंवा त्याच सुक्रोज-हिस्टिडीनमध्ये विरघळवा.

तापमान दुसरं. एचएसपीसीचं अवस्थांतर ५०-५५ अंशांच्या आसपास होतं. तुम्ही बरोबर त्या उंबरठ्याखाली उभे आहात. ६० ते ६५ अंशांवर भरा, तीस मिनिटं ते एक तास पुरतो, मग थेट बर्फाच्या पाण्यात. हळूहळू थंड होऊ दिलं तर अवस्थांतराच्या पट्ट्यात पडदा सर्वांत गळका असतो आणि भरलेलं परत झिरपतं.

तिसरं, आणि बहुतेक वेळा खरा चोर हाच असतो: बाहेरचं अमोनियम सल्फेट पुरतं निघालेलं नसणं. यंत्रणा अशी आहे. आत २५० मिलीमोलर अमोनियम सल्फेट, बाहेर शून्य. आतला अमोनिया पडद्यातून निसटतो आणि प्रोटॉन मागे ठेवून जातो. बाहेरचं निर्भार डॉक्सोरुबिसिन आत शिरतं, तिथे प्रोटॉन घेतं, सल्फेटबरोबर स्फटिक बनतं आणि अडकतं. बाहेर थोडं जरी अमोनियम राहिलं तरी हा उतार (ग्रेडियंट) सपाट होतो. डायलिसिस करत असाल तर शंभरपट आकारमान, निदान तीन-चार वेळा बदलून, आणि शेवटच्या बफरची विद्युतवाहकता ताज्या बफरशी ताडून पाहा. गाळण्यासाठी जेलचा स्तंभ वापरत असाल तर लायपोसोमच्या पट्ट्याची शेपटी गोळा करू नका, मीठ तिथूनच येतं. मीठ काढल्यावर नमुना रात्रभर ठेवून सकाळी भरू नका. उतार तोवर ओसरत राहतो.

सल्फेट कमी पडत असेल ही शंका बाजूला ठेवा. ८०-९० नॅमीच्या एकपदरी कणात दर मायक्रोमोल फॉस्फोलिपिडामागे ढोबळमानाने २ मायक्रोलिटर आतली जागा असते. २५० मिलीमोलर धरलं तर ०.५ मायक्रोमोल सल्फेट; एका सल्फेटला दोन डॉक्सोरुबिसिन, म्हणजे १ मायक्रोमोलपर्यंत क्षमता. तुमच्या १:८ प्रमाणात फॉस्फोलिपिडाच्या प्रत्येक मोलमागे औषध जेमतेम ०.२८ मोल आहे. जागा भरपूर आहे. घोळ उताराचा किंवा पडद्याचा आहे.

किंवा मोजणीचा. आतलं डॉक्सोरुबिसिन स्फटिकरूपात असल्यामुळे त्याचं फ्लुरोसन्स दबलेलं असतं. ट्रायटन (डिटर्जंट) घालून कण फोडत असाल, तरी एचएसपीसी-कोलेस्टेरॉलचा ताठ पडदा थंड ट्रायटनला सहज दाद देत नाही. १ टक्का ट्रायटन घालून ६० अंशांच्या वर दहा मिनिटं गरम करा, थंड करा, मग मोजा. नाहीतर ७५ मिलीमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या ९० टक्के आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून ४८० नॅमीवर शोषण मोजा, ते जास्त भरवशाचं. आणि फक्त "आतलं" मोजून टक्केवारी काढू नका. आतलं, सुटं आणि स्तंभाला चिकटलेलं यांची बेरीज घातलेल्या औषधाइतकी येते का ते बघा. सुटं डॉक्सोरुबिसिन जेलला आणि डायलिसिसच्या पिशवीला चिकटतं. बेरीज ८५ टक्क्यांवर थांबली तर उरलेलं तिथे आहे.

एवढं केल्यावर ९५ टक्क्यांच्या वर न जाण्याचं कारण उरत नाही. बाजारातलं डॉक्सिल १९९५ पासून याच तत्त्वावर चालतं, त्यात ९० टक्क्यांहून जास्त औषध कणांच्या आत असतं. एका कणात साधारण १० ते १५ हजार रेणू बसतात.

तयार नमुना २ ते ८ अंशांत ठेवा. गोठवायचा नाही, गोठवून वितळवला की आकार आणि भरण दोन्ही हातचे जातात.

---

समस्थानिक

चित्र खरं की आकडा, याचं उत्तर "दोन्ही नाही" असं आहे. तुमचं चित्र जास्त दाखवतंय आणि आकडा कमी, म्हणून दरी एवढी मोठी दिसतेय.

आधी चित्र. डीआयआर पडद्यात नुसता रुतलेला असतो, बांधलेला नसतो. रक्तातली लिपोप्रोटीनं आणि पेशींचे पडदे त्याला हळूहळू ओढून घेतात. त्यानंतर तुम्ही रंगाचा प्रवास बघता, लायपोसोमचा नव्हे. त्यात २ मोल टक्के म्हणजे फार दाट. एवढ्या दाटीत रंगाचे रेणू एकमेकांचं तेज दाबतात. कण फुटला किंवा रंग पसरला की दाब सुटतो आणि प्रकाश वाढतो. ४८ तासांचं चित्र २४ तासांपेक्षा उजळ दिसणं म्हणजे जास्त कण पोहोचले असं मुळीच नाही. तेवढेच कण मोडले तरी तसंच दिसेल. शिवाय त्वचेखालचा ट्यूमर उथळ आणि यकृत खोल, त्यामुळे दोघांचं प्रकाशाचं गुणोत्तर काढून "ट्यूमरमध्ये यकृताच्या इतके टक्के" असं लिहिणं चुकीचं.

तपासणी स्वस्तात होते. रंगवलेले लायपोसोम ५० टक्के सीरममध्ये ३७ अंशांवर ४८ तास ठेवा आणि सेफरोज सीएल-४बी स्तंभातून काढा. लायपोसोम आधी उतरतात, प्रथिनं नंतर. रंग कुठल्या पट्ट्यात आला ते मोजा. प्रथिनांच्या पट्ट्यात १० टक्क्यांहून जास्त आला, तर ४८ तासांची चित्रं विसरा. रंग ठेवायचाच असेल तर ०.१ ते ०.२ मोल टक्क्यांवर आणा आणि फक्त कुठल्या वेळेला नमुने घ्यायचे हे ठरवण्यापुरता वापरा.

संख्या हवी असेल तर किरणोत्सारी लेबल. निवड अर्धायुष्यावरून करायची. पेग-लायपोसोम रक्तात दीर्घकाळ फिरतो, ट्यूमरमध्ये साठायला एक-दोन दिवस लागतात. फ्लोरिन-१८ ११० मिनिटांचं, म्हणून बाद. टेक्नेशियम-९९एम ६ तासांचं, तेही तोकडं. कॉपर-६४ चं अर्धायुष्य १२.७ तास, ४८ तासांपर्यंत ओढूनताणून चालतं. झिर्कोनियम-८९ चं ७८.४ तास, आठवडाभर बघता येतं. इंडियम-१११ चं २.८ दिवस, पण ते स्पेक्टसाठी, पेटसाठी नाही (दोन्ही शरीरातला किरणोत्सार टिपणारी स्कॅन).

सुटलेलं लेबल कुठे जातं ते आधी माहीत हवं. सुटं झिर्कोनियम हाडांत बसतं. ही गैरसोय खरं तर सोय आहे, कारण हाडांतला संकेत चढू लागला की लेबल सुटतंय हे लगेच कळतं. सुटं तांबं यकृतात जातं आणि लायपोसोमही यकृतातच जातात, त्यामुळे तिथे गळती लपून राहते. म्हणून लांबच्या अभ्यासाला मी झिर्कोनियमच घेईन.

आणि रक्ताची वजाबाकी. २४ तासांनी उंदराच्या रक्तात समजा २० टक्के डोस प्रति ग्रॅम अजून फिरतोय आणि ट्यूमरच्या आकारमानात ५ टक्के रक्त आहे. मग ट्यूमरमध्ये १ टक्का प्रति ग्रॅम निव्वळ रक्तामुळे दिसेल, कण ऊतीत शिरलेला नसतानाही. एकतर अवयव काढण्याआधी सलाइनने रक्तवाहिन्या धुऊन काढा, नाहीतर रक्ताचा नमुना मोजून तेवढा भाग वजा करा.

---

दळण_ते_एलसी

आता आकडा का कमी येतो ते. डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घट्ट घुसून बसतं. अॅसिटोनायट्राइल प्रथिनांबरोबर डीएनएही खाली बसवतं आणि तुमचं औषध त्या गाळासोबत नळीच्या तळाशी जातं. जे पेशीत पोहोचून काम करतंय, नेमकं तेच तुम्ही फेकून देताय.

आम्लयुक्त आयसोप्रोपेनॉलने रात्रभर ४ अंशांवर काढा, किंवा दळलेल्या ऊतीत सिल्व्हर नायट्रेट घालून डीएनएपासून सोडवा, किंवा डीएनेजने आधी पचवा. अंतर्गत मानक म्हणून त्याच्यासारखंच डॉनोरुबिसिन. ते दळताना सुरुवातीलाच घाला, शेवटी नव्हे. एक सापळा लक्षात ठेवा: दळलेल्या कोऱ्या ऊतीत औषध मिसळून लगेच काढलं तर परतावा ९५ टक्के येतो आणि पद्धत छान वाटते. त्या औषधाला डीएनएत बसायला वेळच मिळालेला नसतो. परतावा तपासायचा तर पेशी औषधाबरोबर काही तास वाढवून मग तोडा. काच टाळा, पॉलिप्रोपिलीन वापरा, उजेडापासून झाका.

एवढं करूनही जो आकडा येईल तो एकूण औषधाचा असेल. दळताना आणि सॉल्व्हंटमध्ये सगळे लायपोसोम फुटतात, त्यामुळे सुटलेलं किती आणि कणात कोंडलेलं किती हे त्या आकड्यातून कळत नाही. कोंडलेलं औषध ट्यूमरला मारत नाही. रक्तातही हेच: प्लाझ्मात ९० टक्क्यांहून जास्त औषध कणातच असतं, म्हणून "प्लाझ्मातलं डॉक्सोरुबिसिन" नुसतं मोजून काहीच सांगता येत नाही. अमेरिकेचं एफडीए या औषधाच्या जेनेरिक आवृत्त्यांकडून सुटं आणि कणातलं, दोन्ही वेगवेगळं मोजून मागतं, ते उगाच नाही.

ट्यूमरमध्ये सुटलेलं औषध शोधायचे तीन मार्ग. ऊती गोठवून पातळ काप घ्या आणि डॉक्सोरुबिसिनचं स्वतःचं फ्लुरोसन्स बघा. स्फटिक दबलेले असतात, सुटलेलं औषध केंद्रकात दिसतं. फक्त डीएनएत बसल्यावरही तेज बरंच कमी होतं, म्हणून हे मोजमाप नव्हे, नकाशा समजा. दुसरं, केंद्रकं वेगळी करून त्यांतलं औषध मोजा. तिसरं, शेजारच्या कापावर गॅमा-एचटूएएक्सचा रंग: औषधाने डीएनए तोडला का याचा पुरावा. कण आहे पण गॅमा-एचटूएएक्स नाही अशा जागा सापडतातच, बहुतेकदा मॅक्रोफेजांच्या (कण गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या) घोळक्यात.

---

वॉर्ड_नऊ

माणसांत हे कसं बघितलं गेलंय त्याबद्दल थोडं, कारण प्रश्नात लोहाचा उल्लेख आहे.

फेरुमॉक्सिटॉल हे लोहऑक्साइडचं औषध रक्तक्षयासाठी २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एमआरआयसाठी ते बरीच वर्षं मंजुरीबाहेर वापरलं गेलं. लायपोसोममधल्या इरिनोटेकानच्या, म्हणजे ओनिव्हाइडच्या, एका प्राथमिक अभ्यासात रुग्णांना आधी फेरुमॉक्सिटॉल देऊन १, २४ आणि ७२ तासांनी एमआरआय केला होता. ज्या गाठींनी लोह जास्त उचललं त्या नंतरच्या उपचाराला जास्त आक्रसल्या. म्हणजे औषधाच्या कणाला लेबल न लावता, दुसऱ्याच कणाने गाठीची "उचल" मोजायची. कल्पना उपयोगी आहे, पण फेरुमॉक्सिटॉल साधारण ३० नॅमीचा आणि ओनिव्हाइड ११० नॅमीचा. लोह गाठीत साठतं ते मुख्यतः मॅक्रोफेजांत. त्यामुळे हा अंदाज आहे, मोजणी नव्हे.

व्यवहारात चुकतं ते इथे: आधीचा आर२-तारा नकाशा (लोहाचा प्रभाव मोजणारा एमआरआय) न घेणं. लोह एमआरआयमध्ये काळं दिसतं, जुना रक्तस्रावही काळाच दिसतो. सुरुवातीचं चित्र नसेल तर कशामुळे काळं झालं हे कोणी सांगू शकत नाही. यकृतातलं लोह आठवडे-महिने राहतं, म्हणून पुढच्या एमआरआयच्या अहवालात त्याची नोंद हवीच. आणि २०१५ पासून या औषधावर तीव्र अॅलर्जीचा ठळक इशारा आहे: सावकाश, निदान १५ मिनिटांत द्यायचं आणि त्यानंतर ३० मिनिटं रुग्णावर नजर ठेवायची.

एचईआर२ या कर्करोगपेशींवरच्या प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या एमएम-३०२ या डॉक्सोरुबिसिन लायपोसोममध्ये तर कॉपर-६४ थेट कणातच भरलं होतं. १९ रुग्णांच्या पेट स्कॅनमध्ये गाठीगाठींतल्या साठ्यात सुमारे ३५ पट तफावत निघाली. साठा जास्त असलेल्यांत आजार अधिक काळ आटोक्यात राहण्याकडे कल दिसला. तरी याच औषधाची पुढची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण फायदा सिद्ध होण्याची शक्यता उरली नव्हती. कण कुठे गेला हे कळणं आणि रुग्ण बरा होणं यांत बरंच अंतर आहे.

काही कण स्वतःच उपचार आणि स्वतःच चित्र असतात, तिथे लेबल सुटण्याचा प्रश्नच येत नाही. हाफ्नियम ऑक्साइडचे ५० नॅमीचे कण, एनबीटीएक्सआर३, गाठीच्या आकारमानाच्या १० टक्के इतके थेट गाठीत टोचतात आणि नंतर २५ भागांत ५० ग्रे किरणोपचार देतात. कण गाठीतच आहेत ना, ते सीटीवर दिसतं. मऊ ऊतींच्या सार्कोमावरच्या चाचणीत गाठ सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पूर्ण नष्ट झालेले रुग्ण १६ टक्के निघाले, नुसत्या किरणोपचारात ८ टक्के. त्याउलट मेंदूतल्या गाठीत लोहकण टोचून १०० किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राने तापवण्याच्या पद्धतीत लोह एवढं असतं की नंतर त्या भागाचा एमआरआय वाचता येत नाही. उपचार चालला की नाही हे बघायचं साधनच हातातून जातं.

---

उलटी_गाळणी

एक आकडा इथे कोणीतरी टाकेलच, म्हणून आधीच: २०१६ च्या एका आढाव्यात दहा वर्षांचे प्राण्यांवरचे अभ्यास गोळा करून, टोचलेल्या डोसपैकी मध्यक ०.७ टक्का कण ट्यूमरमध्ये पोहोचतात असं निघालं. नॅनोऔषध फसलं, असा अर्थ लगेच लावला जातो.

---

समस्थानिक

तो अर्थ मला पटत नाही. सुटं औषध दिलं तरी ट्यूमरमध्ये जाणारा वाटा थोडाच असतो. उरलेलं कुठे जातं हा खरा प्रश्न. डॉक्सिलने स्तनाच्या कर्करोगात साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा आयुष्य वाढवलं नाही, परिणाम जवळपास सारखाच. फरक हृदयाचा: लायपोसोम हृदयाच्या स्नायूत सहज शिरत नाही, त्यामुळे तिथली इजा बरीच कमी. मोबदल्यात तळहात-तळपाय सोलवटतात, कारण कण त्वचेतही साठतो. म्हणून मोजणी फक्त ट्यूमरची करू नका. यकृत, प्लीहा, हृदय, त्वचा सगळ्यांचं वजन आणि मोजणी घ्या आणि बेरीज १०० टक्क्यांच्या जवळ आणा. शेपटीतलं इंजेक्शन निम्मं ऊतीत गेलं की ट्यूमरचा आकडा आपोआप पडतो. ते पकडायला शेपूटही मोजावी लागते.

---

लायपो_नवखा

भरणाचं आणि डीएनएचं लक्षात आलं. आता विचार असा: औषधाशिवायचे, झिर्कोनियम लावलेले रिकामे लायपोसोम थोड्या डोसमध्ये आधी टोचायचे, पेटवर ट्यूमरची उचल बघायची, आणि आठवड्याने त्याच उंदरांना औषधाचा पूर्ण डोस द्यायचा. एकाच प्राण्यात मागोवा आणि उपचार. चालेल का?

---

समस्थानिक

नाही, आणि हा आराखडा दिसायला इतका सोपा आहे की बरेच जण त्यात अडकतात. पेग-लायपोसोमचा छोटा, औषधाविना डोस पेगविरुद्ध आयजीएम प्रतिपिंडं उठवतो. पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस दिला की तो रक्तातून झपाट्याने नाहीसा होऊन यकृतात जातो. तुमचं पेट पहिल्या डोसचं वागणं दाखवेल, उपचार दुसऱ्या डोसने होईल, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध राहणार नाही. पहिल्या डोसमध्ये डॉक्सोरुबिसिन असेल तर आयजीएम बनवणाऱ्या पेशीच दबतात आणि हा परिणाम बराच मंदावतो. रिकामा कण म्हणूनच सर्वांत वाईट पर्याय.

लेबल आणि औषध एकाच कणात, एकाच डोसमध्ये द्या. ग्रेडियंट सल्फेटचाच ठेवा, झिर्कोनियम डीएफओ-लिपिडामार्फत (डीएफओ झिर्कोनियम पकडून ठेवतो) पृष्ठभागावर लावा, पण औषध भरून झाल्यावर. उलट क्रमाने केलं तर ६५ अंशांवर लेबल लावलेला नमुना तासभर हाताळत बसाल. लावल्यावर आकार आणि भरण पुन्हा मोजा. प्राणी दोन गटांत ठेवा: एक २४ तासांनी, दुसरा ७२ तासांनी कापायचा. गॅमा काउंटरवर कणाचा वाटा आला की तोच तुकडा, किरणोत्सार ओसरू देऊन, वर सांगितलेल्या पद्धतीने एलसीवर चढवा; तोवर उणे ८० अंशांत, अंधारात.

---

दळण_ते_एलसी

यात एक भर. झिर्कोनियम ओसरायला दहा अर्धायुष्यं म्हणजे ३३ दिवसांच्या आसपास लागतात. तेवढा काळ ऊतीतलं डॉक्सोरुबिसिन टिकतं का ते कोऱ्या ऊतीत औषध घालून, उणे ८० अंशांत तेवढेच दिवस ठेवून आधी तपासा. नाहीतर तुकडा काढल्यावर लगेच दोन भाग करा, एक काउंटरसाठी आणि एक एलसीसाठी. मात्र मग किरणोत्सारी नमुना चालणारं एलसी यंत्र आणि त्याच्या सांडपाण्याची वेगळी सोय लागेल.